पहिला नंबर कोणाचा?

(नभोवाणीवरील भाषण)

आमचें पावस गांव रत्नागिरीच्या दक्षिणेस, समुद्राच्या अंगाला वसलेलें आहे. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळें त्याचें नांव आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवर आलें असेल. आंबा, काजू, मासळी आणि भजन यांची येथें वाण नाहीं. वाण आहे ती कुस्तीच्या आखाड्याची. ती विद्या सह्याद्रीच्या पलीकडे, घाटावर नांदते. असें असूनहि गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं शेजारचीं तीन मुलें माझ्या ओटीवर बसून, एकाच मोबाईलमध्यें डोकीं खुपसून, पैलवानांवरून कडाक्यानें भांडत होतीं. विषय होता ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ या विलायती झुंजीचा. ठोसा, लाथ, पकड आणि गळ्याला घातलेला विळखा हीं सारीं ज्या झुंजींत चालतात, ती ही. एकजण म्हणत होता, “क्रमवारी बदलली, आतां आमचा गडी तिसरा.” दुसरा म्हणत होता, “मागच्याच महिन्यांत हरला, मग तिसरा कसा होईल?” अखेर सर्वांत धाकट्यानें माझ्याकडे वळून विचारलें, “गुरुजी, तुम्ही एवढीं वर्षं नंबर काढलेत. पहिला नंबर ठरवायचा कसा, तें सांगा ना.”

मी मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक आहें. मुलांचे नंबर काढण्यांतच माझी हयात गेली. तरीहि त्या प्रश्नाचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. तें कां देतां आलें नाहीं याला एक जुनें कारण आहे. तें मी शेवटीं सांगेन. कुस्तीशीं माझें नातें प्रेक्षकाचें. नोकरीच्या आरंभीचीं कांहीं वर्षें घाटावर गेलीं, त्या काळांत जत्रेंतल्या कुस्त्या पाहण्याचा जो नाद लागला तो अद्याप सुटलेला नाहीं. त्या भांडवलावर, आणि मागाहून वाचून मिळविलेल्या माहितीच्या आधारानें, आज मी आपणांपुढें हा प्रश्न उकलून पाहणार आहें: अजिंक्य कोण, आणि त्याच्या खालचा क्रम कसा, हें ठरतें तरी कोणत्या रीतीनें?

आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून निघूं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या बाजूला जत्रेच्या निमित्तानें कुस्त्यांचें मैदान भरतें. आरंभीं लहान मुलांच्या कुस्त्या होतात. त्यांचें बक्षीस म्हणजे रेवड्या, खोबऱ्याची वाटी, फार तर थोडे पैसे. मग बक्षिसाची रक्कम चढत जाते, आणि दिवस मावळतां मावळतां पहिल्या नंबरची कुस्ती लागते. हा पहिला नंबर ठरविला कोणी? गांवच्या पंचमंडळींनीं आणि वस्तादांनीं. कोणत्या पैलवानानें गेल्या हंगामांत कोणाला पाडलें, कोणाचें अंग भरलें आहे, कोण नुकताच आजारांतून उठला आहे, ही सारी नोंद वस्तादाच्या डोक्यांत असते. कागदावर ती कोठेंहि सांपडणार नाहीं. त्या नोंदीवरून तो जोड लावतो. जोड तोडीस तोड बसली तर हलगी टिपेला पोंचते. न बसली तर प्रेक्षक तेथल्या तेथें नापसंती दाखवितात. निकालाची रीतहि तशीच सरळ आहे. ढाक मारा, घिस्सा मारा, एकलंगी भरा. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मातीला टेकले कीं तो चितपट. तेथें गुणांचा हिशेब नाहीं. कोणीच कोणाला चीत करीत नाहीं असें दिसलें, तर बऱ्याच वेळानें कुस्ती बरोबरींत सोडवितात.

या पद्धतीचा मोठा गुण असा, कीं निकाल सर्वांना डोळ्यांनीं दिसतो. कोल्हापुरास राजर्षि शाहू महाराजांनीं खासबागेचें मैदान बांधविलें, तें १९१२ सालीं पुरें झालें. मध्यें आखाडा आणि भोंवतीं चढत गेलेली बैठक. कोठेंहि बसा, मातीवरचा डाव दिसतो. निकाल हजारोंच्या डोळ्यांदेखत लागावा, हा त्या रचनेचा हेतु उघड आहे. परंतु दोषहि आहेत. ज्याला वस्ताद ओळखत नाहीं त्याला नंबरची कुस्ती मिळत नाहीं. आणि ज्याला नुसतें नांव टिकवावयाचें आहे तो सोयीचा प्रतिस्पर्धी निवडूं शकतो.

आव्हानाची पद्धत ही याच्या पुढची पायरी. ज्याच्याकडे पट्टा आहे त्याला आव्हान द्यावें, त्याला पाडावें आणि पट्टा घ्यावा. यांतली अडचण गामा पैलवानाच्या उदाहरणावरून ध्यानांत येते. १९१० सालीं १० सप्टेंबर रोजीं लंडन येथें पोलंडच्या झ्बिस्कोशीं त्याची कुस्ती झाली. ती अडीच तासांहून अधिक वेळ चालली, तरी निकाल लागला नाहीं. पुन्हां १७ तारीख नेमली. त्या दिवशीं झ्बिस्को आखाड्याकडे फिरकलाच नाहीं, म्हणून जॉन बुल पट्टा गामाला देण्यांत आला. त्या दोघांची निकाली कुस्ती पाहावयास १९२८ साल उजाडावें लागलें. त्या वेळीं पतियाळा येथें गामानें झ्बिस्कोला एका मिनिटाच्या आंत चीत केलें. पट्टा मिळाला तो १९१० सालीं. लोकांच्या मनांतली शंका फिटली ती अठरा वर्षांनीं. किताब मिळणें आणि तो लोकांच्या मनाला पटणें या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें येथें लक्षांत ठेवावें.

आतां मुलांच्या त्या विलायती झुंजीकडे येऊं. या खेळांतील सर्वांत नांवाजलेली संस्था म्हणजे अल्टिमेट फायटिंग चँपियनशिप, संक्षेपानें यूएफसी. तिची पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं अमेरिकेंत डेन्व्हर शहरीं झाली. त्या वेळीं वजनाचे गट नव्हते. आठ जण, एकच रात्र, आणि जो हरेल तो बाद. रॉइस ग्रेसी नांवाच्या, अंगानें बेताच्याच असलेल्या ब्राझिली तरुणानें एकापाठोपाठ तिघांना हरवून ती जिंकली. पुढें वजनाचे गट आले, नियम लेखी झाले, आणि पद्धतहि पालटली. आतां प्रत्येक वजनगटांत एक पट्टाधारी विजेता असतो, आणि त्याच्याखालीं पंधरा जणांची यादी असते. विजेत्याला स्वतःला क्रमांक नसतो. तो यादीच्या माथ्यावर बसतो. ही यादी पत्रकारांच्या एका मंडळाची मतें घेऊन ठरविण्याची प्रथा २०१३ सालीं सुरू झाली. झुंज कोणाची कोणाशीं लावावयाची, हें मात्र संस्थाच ठरविते. म्हणजे आपल्या वस्तादाचें काम तेथें अशा माणसाकडे आहे, कीं ज्याला तिकिटेंहि विकावयाचीं असतात.

यादींतला क्रम कशानें बदलतो? वरच्या क्रमांकाच्या गड्याला हरविलें तर खालचा चढतो, हें उघडच आहे. पण वरचा गडी फार दिवस झुंजला नाहीं तर तो यादींतून गळतो. तो दुसऱ्या वजनगटांत गेला तर त्याची जागा मोकळी होते. तो निवृत्त झाला तरीहि तेंच. अशा वेळीं खालचे सारे एकेक पायरी वर सरकतात. तेव्हां घरीं स्वस्थ बसलेला चौथा गडी तिसरा होऊं शकतो. आणि गेल्या महिन्यांत हरलेलाहि, त्याच्या वरचे दोघे निघून गेले, तर पूर्वीपेक्षां वर दिसूं शकतो. माझ्या ओटीवरच्या भांडणांत असल्याच कांहीं गोष्टीचा घोळ असावा. दोघेहि मुलगे खरेंच बोलत होते.

अजिंक्यपदाचेंहि तसेंच होतें. इलिया टोपुरिया या गड्यानें फेब्रुवारी २०२४ मध्यें अलेक्झांडर वोल्कानोव्स्की या ऑस्ट्रेलियन विजेत्याला हरवून फेदरवेट गटाचा पट्टा घेतला. एका वर्षानें टोपुरियानें तो पट्टा आपण होऊन सोडला आणि तो वरच्या वजनांत गेला. रिकाम्या झालेल्या पट्ट्यासाठीं एप्रिल २०२५ मध्यें झुंज लागली. तींत वोल्कानोव्स्कीनें डिएगो लोपेसला हरविलें आणि तो पुन्हां अजिंक्य झाला. ज्यानें त्याला पाडलें होतें त्याला उलट पाडून तो अजिंक्य झाला नाहीं. तिकडे टोपुरियानें जून २०२५ मध्यें लाइटवेटचा पट्टा जिंकला. तोहि इस्लाम मखाचेवनें नुकताच सोडलेला होता. मखाचेव आणखी वरच्या गटांत गेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें तेथला पट्टाधारी झाला. अशा रीतीनें दोघांनीं जागा बदलतांच तीन गटांतले विजेते बदलले आणि तीन याद्या हलल्या.

दुसरें उदाहरण याहून चमत्कारिक आहे. हेविवेट गटाचा विजेता जॉन जोन्स जायबंदी झाला, म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्यें टॉम ॲस्पिनॉल या इंग्रज तरुणाला ‘हंगामी’ विजेता करण्यांत आलें. हंगामी म्हणजे कायम होईपर्यंतचा. आपल्याकडे हंगामी मास्तर असतो तसा. त्या दोघांची झुंज कधींच झाली नाहीं. जून २०२५ मध्यें जोन्सनें निवृत्ति पत्करली आणि ॲस्पिनॉल, एकहि ठोसा न मारतां, हंगामीचा कायम झाला. तो दुबळा होता असें मी मुळींच म्हणत नाहीं. परंतु पट्टा हातीं पडूनहि, ‘त्या दोघांची झाली असती तर?’ हा प्रश्न लोकांच्या तोंडीं राहिलाच. गामाच्या वेळीं हेंच घडलें होतें.

या खेळांत आपलीं माणसेंहि उतरूं लागलीं आहेत. मुंबईचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्यें शांघाय येथें यूएफसीच्या आखाड्यांत उतरला. सोंग याडोंग या चिनी तरुणापुढें त्याला पहिल्याच फेरींत हार पत्करावी लागली, तरी वाट पडली. जून २०२४ मध्यें उत्तर प्रदेशची पूजा तोमर तेथें झुंज जिंकून आली. असा विजय मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री.

आतां तिसरी पद्धत पाहूं. ती म्हणजे स्पर्धेची, आणि तिचें आपल्या घरचें उदाहरण ‘महाराष्ट्र केसरी’. १९६१ सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस दिनकर दह्यारी यांनीं हा किताब प्रथम मिळविला. नरसिंग यादवनें २०११, २०१२ आणि २०१३ असा ओळीनें तीन वेळां तो जिंकला. त्याच्या पाठोपाठ विजय चौधरीनें २०१४, २०१५ आणि २०१६ असा तीन वेळां. या स्पर्धेंत थोर वजनाच्या पैलवानांचे दोन विभाग असतात: एक मातीवरचा, दुसरा गादीवरचा. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता अखेरीस समोरासमोर येतात आणि जो जिंकेल तो चांदीची गदा खांद्यावर घेतो. येथें कोणाच्या मर्जीनें जोड लागत नाहीं, पत्रकाराचें मत विचारावें लागत नाहीं, आणि घरीं बसून कोणी वर सरकत नाहीं. गदा हवी असेल तर एकेक कुस्ती जिंकीत यावें लागतें. तीन पद्धतींत ही मला सर्वांत न्याय्य वाटते.

तरीहि ती निर्दोष नाहीं. पहिली गोष्ट, गादीवरच्या कुस्तींत गुण मोजतात. प्रतिस्पर्ध्याला खालीं आणून ताबा घेतला तर दोन गुण, रिंगणाबाहेर ढकललें तर एक, उभ्यानें उचलून थेट पाठीवर टाकलें तर चार. दहा गुणांची आघाडी झाली कीं कुस्ती तेथेंच संपते. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत हा सारा हिशेब बसवावयाचा असतो. येथें डोळ्यांचें काम संपून पंचाच्या मताचें काम सुरू होतें. पाठ जमिनीकडे किती वळली, यावर दोन गुण कीं चार, हें अवलंबून राहतें. आणि तेवढ्यावर एखाद्याचें वर्ष जातें किंवा राहतें. जानेवारी २०२३ मध्यें पुण्यास मातीवरच्या विभागाच्या अखेरच्या कुस्तींत महेंद्र गायकवाडनें सिकंदर शेखला ‘बाहेरची टांग’ मारली. पंचांनीं तिचे चार गुण दिले. ते चार गुण योग्य कीं अयोग्य, यावर महाराष्ट्रांत कित्येक दिवस वाद चालला होता.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. आपण असें धरून चालतों, कीं ‘अ’नें ‘ब’ला हरविलें आणि ‘ब’नें ‘क’ला हरविलें, तर ‘अ’ हा ‘क’पेक्षां वरचढ असलाच पाहिजे. गणितांत हें बरोबर आहे. तीन काठ्यांची लांबी मोजली तर असेंच होईल. परंतु मनुष्याचें बळ म्हणजे काठीची लांबी नव्हे. पुण्याच्या त्याच स्पर्धेंत महेंद्र गायकवाडनें सिकंदर शेखला हरविलें, आणि शिवराज राक्षेनें महेंद्र गायकवाडला हरवून गदा घेतली. या हिशेबानें शिवराज पहिला, महेंद्र दुसरा, सिकंदर तिसरा. पण नोव्हेंबर २०२३ मध्यें पुण्याजवळ फुलगांवीं सिकंदर आणि शिवराज समोरासमोर आले, आणि जिंकला सिकंदर. आतां या तिघांचे नंबर लावून दाखवा! महेंद्र सिकंदरच्या वर, शिवराज महेंद्रच्या वर आणि सिकंदर शिवराजच्या वर. ही शिडी राहिली नाहीं, हें रहाटगाडगें झालें. कोणाचा डाव कोणाला बाधतो, कोणाची उंची कोणाला अडचणीची पडते, कोणाचा कोणता दिवस असतो, यावर हें सारें अवलंबून आहे. म्हणून क्रमवारी ही तेवढ्या दिवसापुरतीच खरी. ती उद्यां बदलली तर तींत कोणाची अब्रू जात नाहीं. बदलणें हा तिचा स्वभावच आहे.

येथपर्यंत जें सांगितलें तें खेळाच्या पोटांतलेंच आहे, आणि त्याचें कोणी वाईट वाटून घेऊं नये. आतां जें सांगावयाचें आहे तें मात्र मनाला लागणारें आहे. २०२२ सालापासून आपल्या राज्यांतील कुस्तीच्या कारभारावर दोन संघटना हक्क सांगूं लागल्या. एक महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद, आणि दुसरी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ. परिणाम असा झाला, कीं एकाच वर्षीं महाराष्ट्राला दोन केसरी मिळूं लागले. फुलगांवच्या ज्या कुस्तीचा उल्लेख मीं आतांच केला, तींत सिकंदर शेख केसरी झाला. त्याच नोव्हेंबर महिन्यांत धाराशिव येथें दुसरी स्पर्धा झाली. तींत हर्षवर्धन सदगीरला हरवून शिवराज राक्षे केसरी झाला. म्हणजे एका ठिकाणीं अखेरच्या कुस्तींत हरलेला पैलवान त्याच महिन्यांत दुसऱ्या ठिकाणीं केसरी! यांत त्या पैलवानाचा कांहींच दोष नाहीं. त्यानें दोन्हीकडे अंग मोडून कुस्ती केली. दोष असलाच तर ‘केसरी’ हा एकवचनी शब्द अनेकवचनीं वापरणाऱ्यांचा.

२०२५ सालीं तेंच झालें. फेब्रुवारींत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला. मार्चअखेर त्याच जिल्ह्यांत कर्जतला वेताळ शेळके केसरी झाला. अहिल्यानगरच्या स्पर्धेला तर गालबोटच लागलें. गादीवरच्या विभागाच्या अखेरच्या कुस्तींत पंचांनीं मोहोळला चितपटीवर विजयी ठरविलें. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असें शिवराज राक्षेचें म्हणणें पडलें. वाद वाढून पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. पुढें अखेरच्या कुस्तींतहि महेंद्र गायकवाडनें गुणावरून आक्षेप घेऊन वेळ संपण्यापूर्वींच आखाडा सोडला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पंचावर हात किंवा पाय उचलणें कधींच क्षम्य नाहीं, हें मी शिक्षक या नात्यानें निक्षून सांगेन. परंतु तेवढें सांगून आपण मोकळे झालों तर अर्धाच धडा शिकलों असें होईल. पैलवान लहानपणीं घर सोडून तालमींत जातो. त्याच्या खुराकासाठीं घरचीं माणसें जमिनीचा तुकडा, दुभतें जनावर विकतात. पंचविशी-तिशींत त्याचा उमेदीचा काळ संपतो. त्या काळांतली एक गदा म्हणजे त्याच्या पुढच्या पोटाची सोय असते, क्वचित् सरकारी नोकरीची वाटहि असते. अशा माणसाला जेव्हां वाटतें, कीं आपल्यावर अन्याय झाला आणि आपली दाद कोणी घेत नाहीं, तेव्हां त्याचा तोल जातो. तोल सांभाळण्यास त्याला शिकविलें पाहिजे. आणि दाद मागण्याची जागाहि त्याच्यासाठीं राखून ठेविली पाहिजे.

दाद मागण्यास कोणी नसलें म्हणजे काय होतें, याचा मोठा दाखला आपल्याच इतिहासांत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें फ्लायवेट गटांत सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीला जाण्यास पैसे पुरेनात, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथें बँटमवेट गटांत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा पुढें गेले. मग जपानच्या इशीशीं त्यांची दीर्घ झुंज झाली. ती ते हरले. त्यानंतर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशीं लढण्यास बोलाविलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्धा तास विसावा देण्याचा नियम होता. पण त्या नियमाकडे बोट दाखविण्यास भारताचा एकहि अधिकारी तेथें हजर नव्हता. दमलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. इशी पहिला, सोव्हिएत मल्ल दुसरा, खाशाबा तिसरे. स्वतंत्र भारताला एका खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्याचा आपणांस अभिमान आहे, आणि तो असावाच. परंतु अर्ध्या तासाचा विसावा मिळता तर तिसऱ्याचा दुसरा झाला असता कीं काय, हें आतां कोणीहि सांगूं शकणार नाहीं. नियम पुस्तकांत होता. तो बोलून दाखविणारा माणूस नव्हता.

आतां माझी जुनी गोष्ट सांगून हें भाषण पुरें करतों. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेंत माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. वार्षिक परीक्षेंत दोन मुलांचे गुण अगदीं सारखे झाले. एका गृहस्थांनीं पहिल्या नंबरला बक्षीस ठेवलें होतें, तें दोघांत वांटतां येण्यासारखें नव्हतें. मीं हजेरीपुस्तक उघडलें, ज्याची हजेरी अधिक त्याला पहिला नंबर दिला, आणि मोठा न्याय केला अशा समाधानांत घरीं गेलों. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या मुलाचा बाप शाळेंत आला. त्यांचें घर मासेमारीवर चालणारें. तो रागावला नव्हता. टोपी हातांत घेऊन दारांत उभा राहिला आणि एवढेंच म्हणाला, “गुरुजी, हजेरीवर नंबर जाणार, असं आधी सांगितलं असतंत, तर मी त्याला होडीवर नेला नसता.”

मला उत्तर सुचलें नाहीं. नियम वाईट नव्हता. पण तो मीं गुण पाहिल्यानंतर केला होता. आणि एका मुलाला तो पाळणें सोपें होतें, दुसऱ्याला कठीण होतें, याचा मीं विचारच केला नव्हता. तो मुलगा आतां चांगला तांडेल आहे. वाटेंत भेटला तर वांकून नमस्कार करतो. त्याला तो नंबर आठवतहि नसेल, मला आठवतो.

तेव्हां ओटीवरच्या त्या मुलांना मीं अखेर असें सांगितलें: पहिला कोण हें मला विचारूं नका. कोणी पहिला ठरला असें ऐकलेंत, तर तीन गोष्टी विचारा. नियम झुंजीच्या आधीं सांगितला होता काय? तो दोघांना सारखाच लागू होता काय? आणि निकाल चुकला असें वाटलें तर दाद मागण्यास जागा होती काय? तिन्हींचें उत्तर ‘होय’ असेल, तर तुमचा आवडता गडी हरला तरी टाळी वाजवा. एकाचेंहि उत्तर ‘नाहीं’ असेल, तर तुमचा गडी जिंकला असला तरी जरा थांबा.

मुलांनीं ऐकून घेतलें. धाकट्यानें थोडा विचार केला आणि विचारलें, “मग गुरुजी, यंदाचा खरा महाराष्ट्र केसरी कोणता?” मीं त्याला म्हटलें, “बाळ, ज्या वर्षीं हा प्रश्न कोणाला विचारावा लागणार नाहीं, त्या वर्षींचा.”